विचारलं असतंस तर

माझ्या फोनमध्ये आईचे किती फोटो आहेत हे मी कधी मोजलं नव्हतं. फोननेच मोजून ठेवलंय. गॅलरीत चेहऱ्यांप्रमाणे फोटो वेगळे लावायची सोय असते, तिथे आईच्या चेहऱ्याच्या छोट्या गोलाखाली ४१२ हा आकडा दिसतो. नात्यातली लग्नं, आमची वास्तुशांत, गणपती, दिवाळीच्या चकल्या, माझा पदवीचा दिवस. बहुतेक फोटोंत ती कडेला आहे, नाहीतर तिचं तोंड दुसरीकडे आहे. या ४१२ मधला एक फोटो मी कुणाला दाखवत नाही. एकदा दाखवला होता. हा लेख त्या दाखवण्याबद्दल आहे.

२०२२ चा डिसेंबर. आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि केमोचे तीन डोस झाले होते. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन गावी आलो होतो, घरूनच काम करत होतो. पहिल्या डोसनंतर अठराव्या दिवशी तिचे केस उशीवर गळायला लागले. तिसऱ्या डोसपर्यंत भुवयाही विरळ झाल्या होत्या. त्या दिवशी सकाळी मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ती मागच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर परात घेऊन पावटे सोलत होती. अंगावर जुनी सुती साडी. पदर खांद्यावर घसरलेला. डोक्यावर काही नाही. परसातलं कोवळं ऊन तिच्या उघड्या डोक्यावर पडलं होतं आणि दाराच्या चौकटीत ती एखाद्या चित्रासारखी दिसत होती.

मी चहा ठेवला, फोन काढला, तिथूनच झूम करून तीन फोटो घेतले. तिला कळलं नाही. दुपारी त्यातला दुसरा फोटो थोडा रंग कमी करून इन्स्टाग्रामवर टाकला. खाली लिहिलं, ‘माझी योद्धा’. तासाभरात दीडशे लाइक्स आले. लोकांनी हात जोडलेले, रडणारे, हृदयाचे इमोजी टाकले. ‘आईंना साष्टांग नमस्कार’ असंही कुणी लिहिलं. मला भरून आलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

आईने माहेरी काय सांगितलं होतं हे मला माहीत नव्हतं. ‘साधी गाठ होती, काढून टाकली,’ एवढंच तिने सांगितलं होतं. तिची आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती, आणि तिला हे कळू द्यायचं नाही असं दोघा नवराबायकोंनी ठरवलं होतं. मावशीच्या मुलीने डोंबिवलीत फोटो पाहिला, मावशीला दाखवला. संध्याकाळपर्यंत आजीला कळलं. सात वाजता आईचा फोन वाजला. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आमच्या घरात ते दार रात्रीसुद्धा लागत नाही.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. तिने मला जेवायला वाढलं. मी फोटो काढून टाकल्याचं सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली. मग ताट उचलता उचलता म्हणाली, ‘‘विचारलं असतंस तर डोक्यावरून पदर तरी घेतला असता.’’

मी तयारीत होतो ते ‘का टाकलास’ या प्रश्नासाठी. माझ्याकडे उत्तरं होती. तिने तो प्रश्न विचारलाच नाही.

*

माझं फोटोग्राफीचं शिक्षण म्हणजे यूट्यूब. तिथे एक गोष्ट सारखी कानावर पडते: पोज दिलेला फोटो खोटा आणि बेसावध क्षणी घेतलेला फोटो खरा. ‘कॅन्डिड’ या शब्दाला तर आता लग्नाच्या पॅकेजमध्ये वेगळे पैसे पडतात. मीही हेच मानत होतो. माझ्या मनातला बचाव असा होता: पदर घेऊन, ताठ बसून, ओठ मिटून आईने फोटो दिला असता, तर तो आधार कार्डावरच्या फोटोसारखा आला असता. मी काढलेल्या फोटोत ती खरी होती.

पण माणूस बेसावध असला की जास्त खरा असतो, हे आपण कुठून ठरवलं? चोर रंगेहाथ सापडला की आपण म्हणतो, आता याचं खरं रूप कळलं. म्हणजे जे लपवलंय ते खरं आणि जे समोर ठेवलंय ते खोटं, असा आपला हिशेब. आई कसली चोरी करत होती? ती पावटे सोलत होती. डोकं उघडं ठेवलं होतं, कारण आपण घरात आहोत आणि घरात कुणी बघत नाही, असा तिचा समज होता. तो समज खरा ठरवणं ही घराची, म्हणजे माझी, जबाबदारी होती.

रिचर्ड अ‍ॅव्हेडन हा विसाव्या शतकातला फार मोठा अमेरिकन पोर्ट्रेट फोटोग्राफर. त्याने आपल्या लहानपणच्या अल्बमबद्दल एक गंमत लिहून ठेवली आहे. त्याच्या घरचे लोक फोटोसाठी मुद्दाम बाहेर पडत, छान कपडे घालत आणि दुसऱ्यांच्या घरांसमोर, दुसऱ्यांच्या मोटारींसमोर उभे राहत. फोटोत कुत्रा हवाच, म्हणून तोही कुणाचा तरी उसना आणत. एका वर्षाच्या अल्बममध्ये त्याने अकरा वेगवेगळी कुत्री मोजली. आता हे सगळे फोटो खोटे म्हणायचे का? अ‍ॅव्हेडनचं म्हणणं असं की ते कोण होते याबद्दल फोटो खोटं बोलत होते, पण त्यांना कोण व्हायचं होतं हे मात्र खरं सांगत होते.

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओत रंगवलेला ताजमहाल असायचा, प्लास्टरचा खांब असायचा, कानाला लावायला कुठेही न जोडलेला टेलिफोन असायचा. ती आपली उसनी कुत्री. आपण त्यावर हसतो. पण त्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला निदान एवढं तरी ठाऊक असे की आपला फोटो निघतोय, आणि त्याने आपण कसं दिसावं याचं काहीतरी उत्तर तयार ठेवलेलं असे. पोज म्हणजे ते उत्तर. आईने पदर घेतला असता तर ते तिचं उत्तर असतं. मी प्रश्नच विचारला नाही.

फोटोग्राफीच्या पहिल्या काळात न विचारता पोर्ट्रेट काढणं शक्यच नव्हतं. १८३९ मध्ये पॅरिसला डगेरोटाइपची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागत. माणसाला हलायची सोय नसे. डोकं स्थिर राहावं म्हणून मागून लोखंडी आधार लावत. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते. तेव्हाही समोर बसणाऱ्याच्या सहकार्याशिवाय चेहरा काचेवर उतरत नसे. पुढे १८८८ मध्ये हातात मावणारा कोडॅक कॅमेरा आला आणि चालता चालता कुणाचाही फोटो काढता येऊ लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर आपला प्रसिद्ध लेख लिहिला. क्षणात निघणारे फोटो हे त्या लेखामागचं एक कारण होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला तो २०१७ मध्ये. या सगळ्यात धोका बाहेरून येतो: वर्तमानपत्राकडून, कंपनीकडून, सरकारकडून. स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप ठेवून उभा असलेला मुलगा कुणाच्या डोक्यात नसावा.

*

आईला फोटो आवडत नाहीत, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. ‘माझा नको, तुमचे काढा,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. मला तो लाजरेपणा वाटायचा. तिच्या आजारपणानंतर एकदा मी तिला विचारलं, तुझा पहिला एकटीचा फोटो कोणता? तिने कपाटातल्या बाबांच्या जुन्या पासबुकाच्या वेष्टनातून एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला.

१९८८ चा फोटो. आई वीस वर्षांची. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत काढलेला, स्थळांना पाठवण्यासाठी. आजोबा तिला एसटीने घेऊन गेले होते. फोटोग्राफरने स्टुलावर बसवलं, मान डावीकडे वळवली, हनुवटी बोटाने वर केली आणि सांगितलं, ‘हसू नका, पण हसल्यासारखं करा.’ त्या काळी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहरा दुरुस्त करत. जिथे पेन्सिल फिरे तिथे प्रिंट उजळ येई. आजोबांनी जरा उजळ करायला सांगितलं. त्यात आईच्या गालावरचा तीळ गेला.

तो फोटो पाकिटात घालून तीन घरी फिरला. दोन घरांतून परत आला. ‘परत आला’ हे आईचे शब्द. तिसऱ्या घरून बाबा आले. लग्नात माझ्या आजीने, म्हणजे बाबांच्या आईने, सुनेचा तीळ पाहिला आणि म्हणाली, हा फोटोत नव्हता. आई हे हसत सांगते. पण त्या फोटोकडे बघताना माझ्या लक्षात आलं, की आईसाठी फोटो म्हणजे आठवण कधीच नव्हती. फोटो म्हणजे जिथे आपण हजर नाही अशा खोलीत, अनोळखी माणसांच्या हातात आपला चेहरा जाणं आणि त्यांनी तो पसंत किंवा नापसंत करणं. ३४ वर्षांनी मी तिचा फोटो दीडशे घरी पाठवला. या वेळी तो सगळ्यांनी पसंत केला, एवढाच फरक.

मग मी कायदा वाचला. राग स्वतःवर असला की माणूस असलं काही वाचत बसतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. एरवी पहिला मालकही तोच. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला तर मालकी पैसे देणाऱ्याची. या हिशेबाने आईचा १९८८ चा फोटो आजोबांचा होतो. २०२२ चा फोटो माझा होतो. दोन्ही फोटोंत चेहरा आईचा, पण मालकांच्या यादीत आईचं नाव कुठेच नाही. कायदा चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. तो फोटोच्या मालकीबद्दल बोलतो, चेहऱ्याच्या नाही. मी मात्र या दोन गोष्टी एकच समजत होतो.

*

इथे एक खरी अडचण आहे, आणि ती टाळली तर हा लेख नुसता कबुलीजबाब होईल. समजा मी आईला विचारलं, तिने पदर घेतला, फोटो काढला आणि दाखवला. ती म्हणाली, ‘मी अशी नाही दिसत.’ मी म्हणालो, ‘अशीच दिसतेस, छान दिसतेस.’ यात बरोबर कोण?

१९७७ मध्ये मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही तरुणींचे फोटो घेतले आणि प्रत्येक फोटोच्या दोन प्रती केल्या: एक सरळ, जशी ती व्यक्ती इतरांना दिसते; दुसरी उलटी, जशी ती स्वतःला आरशात दिसते. कोणता आवडतो असं विचारल्यावर त्या तरुणींचा कल आरशातल्या प्रतीकडे गेला. त्यांच्या मैत्रिणींचा आणि प्रियकरांचा कल सरळ प्रतीकडे. चेहरा तोच. ज्याला जो रोज दिसतो, तो त्याला आवडतो.

म्हणजे ‘मी अशी नाही दिसत’ असं आई म्हणते तेव्हा ती नाटक करत नसते. तिने आयुष्यभर स्वयंपाकघराबाहेरच्या हातभर आरशात जो चेहरा पाहिला, तो खरंच हा नाही. आणि मी ‘अशीच दिसतेस’ म्हणतो तेव्हा मीही खोटं बोलत नसतो. तिचा मी ओळखतो तो चेहरा तिने स्वतः कधीच पाहिलेला नाही. प्रेमाच्या माणसाचा फोटो काढताना असे दोन प्रामाणिक साक्षीदार समोरासमोर येतात. तिसरा कुणी निकाल द्यायला नसतो.

मला पूर्वी वाटायचं की अशा वेळी कॅमेरा निकाल देतो. कॅमेरा तर सर्वात लबाड. फोनच्या मुख्य लेन्सने हातभर अंतरावरून फोटो काढला की नाक मोठं आणि कान लहान येतात, कारण नाक लेन्सच्या जास्त जवळ असतं. तीच व्यक्ती दोन मीटरवरून काढली तर चेहरा प्रमाणात येतो. पोर्ट्रेटसाठी ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स वापरतात त्याचं एक कारण हेच: तिच्याने चेहरा फ्रेममध्ये भरायचा तर आपोआप दीड-दोन मीटरवर उभं राहावं लागतं. ते अंतर गप्पा मारण्याचं असतं. आणि मागचं सगळं धूसर करणारा फोनमधला पोर्ट्रेट मोड? त्यात कडा कुठे संपते आणि मागची भिंत कुठे सुरू होते याचा अंदाज सॉफ्टवेअर बांधतं. आईच्या उघड्या डोक्याची कडा त्याला अगदी नीट कळली होती. केस असते तर चुकला असता.

आणखी एक. त्या सकाळी मी झूम वापरला. झूम म्हणजे जवळ न जाता जवळ असल्यासारखं दिसणं. जवळ गेलो असतो तर तिने मान वर करून पाहिलं असतं, पदर सारखा केला असता, ‘चहा घेतलास का’ असं विचारलं असतं, आणि बहुधा माझ्याही हातात शेंगा दिल्या असत्या. म्हणून मी गेलो नाही. फोटो बिघडला असता.

*

पण मी तो फोटो काढलाच का? लाइक्ससाठी, असं म्हणणं सोपं आहे आणि थोडं खरंही आहे. लाइक्स दुपारी आले. सकाळी, चहाचा कप खाली ठेवताना, माझ्या मनात लाइक्स नव्हते. तेव्हा मला भीती वाटत होती.

बाबांची आई २०१६ मध्ये गेली, तेव्हा भिंतीवर लावायला तिचा फोटो नव्हता. घरात चार स्मार्टफोन होते. चुलतभावाच्या लग्नातला एक ग्रुप फोटो मिळाला, त्यातून आजीला कापून मोठं केलं. चेहरा फुटला होता. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर पुसला आणि मागे निळं आभाळ टाकलं. दर वर्षी श्राद्धाला आम्ही त्या फोटोला हार घालतो आणि मला पुसलेला हात आठवतो. आईचं हे होऊ द्यायचं नाही, असं मी तेव्हा ठरवलं होतं. २०२२ च्या त्या सकाळी तो निश्चय जागा झाला. मला वाटलं होतं, ही आता जाणार.

हे एकदा मान्य केलं की गोष्ट अवघड होते. भीतीने काढलेला फोटो हा प्रेमाने काढलेलाच फोटो असतो. ‘आधी विचारा’ असा नियम केला, तर जगातले कितीतरी चांगले फोटो निघालेच नसते. झोपलेल्या बाळाला कोण विचारतं? जिला आपण कोण आहोत हे आठवत नाही, त्या आजीला विचारून काय कळणार? नियम मलाही करायचा नाही. पण त्या दिवसानंतर मला एवढं दिसायला लागलं, की फोटो काढणं, तो जवळ ठेवणं आणि तो दाखवणं या वेगवेगळ्या कृती आहेत. फोनमध्ये त्या तिन्हींमध्ये अंगठ्याच्या दोन टिचक्यांचं अंतर असल्यामुळे आपल्याला त्या एकच वाटतात.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याची आई १९७७ मध्ये वारली. तो तिचे फोटो चाळत बसला. कशातच ती सापडेना. मग एक जुना फोटो मिळाला: आई पाच वर्षांची, भावाबरोबर, काचेच्या छताच्या बागेत उभी. बार्थने तिचं ते वय पाहणं शक्यच नव्हतं, आणि तरी त्याला ती तिथेच भेटली. १९८० मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाचा अर्धा भाग या फोटोभोवती फिरतो. पुस्तकात इतर बरेच फोटो छापले आहेत. हा छापलेला नाही. तुमच्यासाठी तो कुठल्याही मुलीचा जुना फोटो ठरेल, असं त्याचं कारण. आईवर पुस्तक लिहिणाऱ्याने आईचा चेहरा स्वतःपाशी ठेवला.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. सुझन सॉन्टॅगने १९७७ मध्ये फोटोग्राफीवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं, आणि फोटो काढणं म्हणजे समोरच्यावर एक प्रकारे ताबा मिळवणं, हा त्यातला एक मुख्य विचार. सॉन्टॅग २००४ मध्ये कॅन्सरने गेली. तिची जोडीदार, प्रसिद्ध फोटोग्राफर अ‍ॅनी लीबोवित्झ हिने आजारपणातले आणि मृत्यूनंतरचेही तिचे फोटो काढले होते. २००६ मध्ये ते पुस्तकात छापले. सॉन्टॅगच्या मुलाने पुढे त्यावर कडक टीका केली. बरेच दिवस मला मुलाचं बरोबर वाटायचं. आता वाटतं, लीबोवित्झही त्या खोलीत होती, तिचंही माणूस गेलं होतं, आणि तिला दुःख करायची दुसरी भाषा येत नसावी. पण जिला विचारायला हवं होतं ती उत्तर देऊ शकत नव्हती. हा प्रश्न असाच उघडा राहतो.

माझी गोष्ट त्याहून सोपी होती. आई दहा फुटांवर बसली होती आणि उत्तर देऊ शकत होती.

*

आईचा आजार उतरला. केस परत आले. आधी सरळ होते, आता कुरळे आले. डॉक्टर म्हणाले, असं होतं. बाबा तिला ‘साईबाबांचे सत्य साईबाबा झाले’ म्हणून चिडवतात. मधल्या काळातला एक प्रसंग सांगतो. गॅलरीने त्या महिन्यांतल्या आईचा एक वेगळाच गोल केला होता. केस नाहीत, भुवया नाहीत; फोनला ती दुसरी कुणी वाटली. मग एके दिवशी त्याने दोन चेहरे शेजारी ठेवून मला विचारलं: ही एकच व्यक्ती आहे की वेगळी? मी फोन आईसमोर धरला. तिने दोन्ही चेहरे निरखले आणि स्वतःच्या बोटाने ‘एकच’ दाबलं.

तेव्हाच तिने तो फोटो पुन्हा पाहायला मागितला. मी इन्स्टाग्रामवरून काढला होता, फोनमधून काढला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तिने तो बराच वेळ पाहिला. मोठा केला, लहान केला.

‘‘तुला वाटलेलं मी जाणार.’’

‘‘हो.’’

‘‘मलाही वाटलेलं.’’ मग म्हणाली, ‘‘ठेव. पण कुणाला दाखवू नकोस.’’

त्यानंतर आमची एक पद्धत पडलीय. मी विचारतो. ती पदर सारखा करते, ताठ बसते, हात मांडीवर घेते, आणि लेन्सकडे असं बघते की जणू पासपोर्ट ऑफिसात बसली आहे. मी लगेच स्क्रीन तिच्या हातात देतो. नको असेल तर ती स्वतः डिलीट करते; दहातले सात जातात. ताईची मुलगी चार वर्षांची आहे. ती प्रत्येक फोटोनंतर ‘मला दाखव’ आणि ‘हा नको’ असं ठणकावून सांगते, आणि आम्ही कौतुकाने ऐकतो. आईला ते म्हणायची मुभा मिळायला सत्तावन्न वर्षं लागली. उरलेले तीन फोटो कलेच्या दृष्टीने साधारण असतात. एकही व्हायरल होणार नाही. पण मला हळूहळू त्या ताठ बसण्यात आई दिसायला लागली आहे. जिने दोन घरांतून परत आलेला फोटो ३४ वर्षं जपून ठेवला, ती लेन्ससमोर अशीच बसणार.

कधीकधी मला अजूनही तो दारातला उजेड दिसतो आणि हात खिशाकडे जातो. कधी मी फोन काढतो, कधी नाही. काढतो तेव्हा तो फोटो तिला दाखवतो. प्रत्येक वेळी बरोबर वागतो असं नाही.

हा लेख मी छापायला देण्याआधी आईला वाचून दाखवला. फोटो न दाखवता तो शब्दांत सांगणं हेही दाखवणंच झालं, म्हणून. तिने दोन अटी घातल्या: गावाचं नाव घालायचं नाही, आणि बाबांच्या आईचं तिळाचं वाक्य ठेवायचं. मग म्हणाली, ‘‘आणि ते मटार काढ. मटार नव्हते.’’

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं की ती मटार सोलत होती. मी म्हटलं, मटारच होते, मला पक्कं आठवतंय. ती म्हणाली, ‘‘पावटे होते. केमोनंतर तोंडाला चव नव्हती, पावट्याची आमटी तेवढी जात होती. तुझ्या बाबांनी बाजारातून आणले होते.’’

मी फोन काढून फोटो मोठा केला. परातीत पावटेच आहेत, शेंगांचा चपटेपणा स्पष्ट दिसतो. शेकडो वेळा मी तो फोटो पाहिला असेन. ऊन कुठून येतंय, सावली कुठे पडलीय, रंग किती कमी करायचे, सगळं मला तोंडपाठ होतं.